पहिली धार फेकून देतात! (गोव्यातली एक छोटी डिस्टिलरी, आणि इंदूरच्या जवळपास काय?)

सुदामानगरी (९ एप्रिल, रात्री ११.४०)

लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून मुलीने आम्हा दोघांची गोव्याची तिकिटं काढून दिली. समुद्र झाला, मंगेशी-शांतादुर्गा झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी हळूच विषय काढला, की जवळच एक लहानशी डिस्टिलरी आहे, आतून सगळं दाखवतात, येतेस का?

आता पार्श्वभूमी सांगतो. ही पीत नाही. हिच्या माहेरी रामबागेत बाटली हा शब्द दूध आणि औषध सोडून तिसऱ्या कशासाठी उच्चारला गेला नाही. मी आपला महिन्यातून दोनदा, तेही मित्राच्या गच्चीवर. पण ती म्हणाली, "कारखाना बघायला काय हरकत आहे? आणि तू चाखून राहिलास तर परत गाडी कोण चालवणार?" झालं, गेलो.

जागेचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर लगेच कोणीतरी विचारेल की कमिशन किती मिळालं. दक्षिण गोव्यात, माडांच्या मधे एक शेड. एका वेळी दहाच लोक घेतात. दाखवणारी मुलगी सावंतवाडीची, त्यामुळे आमचा अर्धा दौरा मराठीत झाला. बाकीचे आठ जण बंगळूरचे होते, ते बिचारे इंग्रजीची वाट बघत उभे.

आत एकच मोठं भांडं. तांब्याचं, पोट फुगलेलं, वर निमुळती मान आणि मानेतून वाकून निघालेली नळी. त्या दिवशी जिन चालू होती. मला वाटायचं जिन म्हणजे कसलं तरी वेगळं धान्य आंबवून करतात. तसं नाही. धान्याची साधी, वासहीन दारू तयारच आणतात, तिच्यात मसाले भिजवतात आणि पुन्हा उकळून ती वाफ थंड करतात. जुनिपर नावाची निळसर काळी फळं त्यात असावीच लागतात, त्याशिवाय तिला जिन म्हणता येत नाही. बाकी काय घालायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

मुलीने मसाल्यांच्या बरण्या हातात दिल्या. ही एकेक उघडून वास घेत गेली. "धने. वेलची. जेष्ठमध. दालचिनी, पण ही आपली नाही, जाड सालीची. लिंबाची साल वाळवलेली." बंगळूरवाले चिठ्ठ्या वाचत होते, हिने एकही चिठ्ठी वाचली नाही. फक्त जुनिपर अडलं. मुलगी म्हणाली की जुनिपरनंतर जिनमध्ये जगभर सगळ्यात जास्त वापरतात ते धनेच. हिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तीस वर्षं मी बाहेर जाऊन जे पितोय ते हिच्या मसाल्याच्या डब्यातलं निघालं!

मग खरी गंमत. नळीच्या तोंडाशी धार सुरू झाली. बोटाएवढी पण नाही, करंगळीच्या नखाएवढी. आणि ती मुलगी ती धार एका प्लास्टिकच्या कॅनमध्ये सोडून राहिली होती, कोपऱ्यात ढकललेल्या. मी विचारलं, हे काय? म्हणाली, काका, ही पहिली धार, ही घेत नाही आम्ही. याने काचा पुसतो.

काचा!

मंडळी, आपण आयुष्यभर ऐकत आलो, "पहिल्या धारेची". माणूस कडक असला तरी पहिल्या धारेचा, कविता झोंबली तरी पहिल्या धारेची. आणि इथे ती काच पुसायला. हिला त्या धारेचा वास घ्यायला दिला. ही म्हणाली, "आदल्या दिवशीची कढई नीट घासली नाही तुम्ही." ती मुलगी खो खो हसली. म्हणाली, अगदी बरोबर, आदल्या खेपेच्या मसाल्याचं तेल नळीत राहतं, ते या धारेबरोबर निघून येतं.

त्यानंतर दर दहा-पंधरा मिनिटांनी एका छोट्या ग्लासात थेंबभर घेऊन वास द्यायची. आधी लिंबाची साल. मग जुनिपर, म्हणजे देवदाराच्या लाकडाचा वास म्हणा, आणि त्यात धने. शेवटी शेवटी मुळं, जेष्ठमध, ओली माती. हलकं ते आधी उडतं, जड ते मागून येतं. मधली धार ठेवायची, शेवटची पुन्हा बाजूला काढायची. कुठे थांबायचं हे यंत्रावर तापमान बघून कळतं म्हणे, पण शेवटचा निर्णय नाकाचा. ती मुलगी म्हणाली, "काकू, तुम्ही इथेच राहा नोकरीला."

तांबंच का, तर आंबवलेल्या रसातून येणारा गंधकाचा कुबट वास तांबं धरून ठेवतं. स्टीलच्या भांड्यात तो सगळा वाफेबरोबर बाटलीत जातो.

शेडच्या मागे फेणीची जुनी पद्धत मांडली होती आणि काजूचा हंगाम असल्याने ती चालू पण होती. काजूची बोंडं झाडावरून तोडत नाहीत, पिकून खाली पडलेलीच वेचतात. ती तुडवायची, रस आंबवायचा, आणि भाणात, म्हणजे भट्टीच्या भांड्यात, लाकडाच्या आगीवर उकळायचा. पहिल्यांदा निघतो तो ऊराक. हलका, उन्हाळ्याचे दोन-तीन महिनेच मिळतो, टिकत नाही. तो परत ताज्या आंबवणात मिसळून उकळला की फेणी. कडकपणा अजून 'ग्राव'मध्ये मोजतात, पोर्तुगीजांच्या वेळचं माप, फेणी एकोणीस-वीस ग्राव. काजूचं झाड पण पोर्तुगीजांनीच ब्राझीलहून आणलं. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारशाचं पेय म्हटलं.

शेवटी चार ग्लास चाखायला, प्रत्येकात दोन चमचे. एक थेंब तळहातावर चोळून वास घ्यायला सांगितलं. दारू उडून जाते आणि मागे राहतो तो मालाचा खरा वास. फेणी चोळल्यावर ही म्हणाली, "अतिपिकलेलं पपनस आणि थोडं रॉकेल." मी पिऊन एवढं सांगू शकलो नाही.

प्रश्न असा. असं काही इंदूरहून गाडीने जाऊन बघता येईल का? बरवाह्याकडे मोठे कारखाने आहेत ते माहीत आहे, पण मला मोठा कारखाना नको. एक भांडं, एक माणूस, आणि नाक, एवढंच हवं.

---

पोहेजलेबी (१० एप्रिल, सकाळी ७.०५)

भिया, सकाळी सकाळी हा धागा वाचला नी पोहे थंड झाले. वहिनींना दंडवत. एक शंका, जीरावन मसाला टाकून पोहे खाऊन गेला असता तर नाक चाललं असतं का?

सुदामानगरी (१० एप्रिल, सकाळी ७.३०)

नसतं. जाण्याआधी तिखट खायचं नाही, अत्तर लावायचं नाही, हे बुकिंगच्या मेसेजमध्येच होतं. हिने गजरा पण काढून गाडीत ठेवला.

---

काचपात्र (१० एप्रिल, सकाळी १०.१५)

छान लिहिलंय. रसायनशास्त्राचा मास्तर असल्याने दोन गोष्टी बोलल्याशिवाय राहवत नाही.

एक, जिनची पहिली धार आणि हातभट्टीची पहिली धार या दोन वेगळ्या गोष्टी. जिनला वापरलेली दारू आधीच शुद्ध केलेली असते, त्यामुळे तिथे फेकायचं थोडंच असतं, आणि वहिनींनी ओळखलं ते खरंच कढईचं प्रकरण. आंबवलेला रस थेट उकळता तेव्हा पहिल्या धारेत ॲसिटाल्डिहाइड, इथाइल ॲसिटेट अशी मंडळी पुढे येतात. वास नेलपॉलिशचा. डोकं धरतं त्यात यांचाही हात. ती धार जास्त कडक असते हेही खरं, म्हणूनच "पहिल्या धारेची" हे कौतुक रूढ झालं. कडक म्हणजे चांगली, असा आपला हिशोब.

दुसरी गोष्ट महत्त्वाची. लोक सांगतात की पहिली धार फेकली की मिथेनॉल, म्हणजे विषारी अल्कोहोल, गेलं, आता निर्धास्त प्या. चूक. मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळतं आणि इथेनॉल, म्हणजे प्यायचं अल्कोहोल, ७८.४ ला, हे पुस्तकात आहे, पण ते सुटं असताना. पाण्यात मिसळलेलं असताना ते असं शिस्तीत रांग लावून येत नाही, सगळ्या धारेभर थोडंथोडं येत राहतं. आणि वर्तमानपत्रात विषारी दारूने माणसं गेल्याची बातमी येते तेव्हा बहुतेक वेळा भट्टीवाल्याने धार चुकवलेली नसते, कारखान्यातलं मिथेनॉल आणून मिसळलेलं असतं. त्याला नाक, जीभ, अनुभव, काही उपयोगाचं नाही. तेव्हा परवान्याची जागा सोडून कुठे चाखायला जाऊ नका, कितीही ओळखीचा असला तरी.

---

विश्वामित्री (१० एप्रिल, दुपारी १.२०)

बडोद्याहून वाचतेय आणि हसतेय. आमच्याकडे डिस्टिलरीचा दौरा म्हणजे पोलिसांच्या जीपमधून. महाराष्ट्र-गुजरात वेगळे झाले १९६० मध्ये, तेव्हापासून दारूबंदी सुरूच आहे. त्याआधीही मुंबई राज्यात होतीच.

पण सुदामानगरी, तुम्हाला हवी ती गोष्ट तुमच्या आणि आमच्या मधोमध आहे. आम्ही छोटा उदेपूरला पिठोरा चित्रं बघायला जातो. राठवा लोकांच्या घरात भिंतभर घोडे काढलेले असतात. मार्चमध्ये त्या रस्त्याला काच खाली केली की गोडसर, आंबूस, थोडा भातासारखा वास येतो. मोह. झाडं दोन्ही राज्यांत आहेत, फुलं दोन्हीकडे पडतात. अलीकडच्या फुलाचं काय करायचं ते वेगळं, पलीकडच्या फुलाचं वेगळं. झाडाला हद्द कोण सांगणार!

इंग्रजांना पण या फुलाची धास्ती होती. मुंबई इलाख्यात १८७८ मध्ये अबकारी कायदा आला, आणि १८९२ मध्ये खास मोहासाठी वेगळा कायदा. दारूवर बंदी समजू शकते, पण फुलं जवळ बाळगण्यावर बंधन! माझ्या आजीला हे सांगितलं तर ती म्हणाली असती, मग प्राजक्ताचं पण करा काहीतरी.

अवांतर: गोव्याहून येताना आमच्या गावात उतरणार असाल तर पिशवीत काही नको. प्रेमाने सांगतेय.

---

निमाडकर (१० एप्रिल, रात्री ९.५०)

विश्वामित्रीताईंनी बरोबर दिशेला बोट दाखवलं. मी बँकेच्या नोकरीत अलीराजपूरला तीन वर्षं काढली. इंदूरहून धार, कुक्षी करत दोनशे किलोमीटरच्या आसपास. आपले लोक विमानाने गोव्याला जातात आणि हे मात्र कुणाला माहीत नाही, म्हणून जरा लांबण लावतो.

मोहाला तिकडे महुडा म्हणतात. फुलं पडतात पहाटे. झाड रात्रभर धरून ठेवतं आणि उजाडायच्या सुमाराला टप टप टप सुरू. पिवळट पांढरी, मांसल, आतून पोकळ, मोत्यापेक्षा मोठी. ऊन चढायच्या आत वेचायची, नाहीतर गुरं खातात, अस्वल आलं तर तेही खातं. वेचणाऱ्या जवळजवळ सगळ्या बायका आणि मुलं. एकेका झाडावर घराची मालकी, जंगलातलं झाड असलं तरी कुणाचं कोणतं हे सगळ्यांना ठाऊक. लग्न ठरवताना झाडं किती हे विचारतात.

अंगणात चार-पाच दिवस वाळवली की मनुकांसारखी तपकिरी होतात. वजनाच्या निम्म्याहून जास्त साखर. म्हणून तर आंबायला वेगळं काही लागत नाही. पूर्वी दुष्काळात हेच खाऊन लोक जगले. बियांचं तेल निघतं, तेही स्वयंपाकात. दारू हा त्या झाडाचा एकच उपयोग आहे, पण शहरात तेवढाच माहीत.

घरची भट्टी अशी. खाली आंबवणाचं मडकं, वर दुसरं भांडं, आत एक वाटगा, आणि सगळ्यात वर गार पाण्याचं पातेलं. वाफ वर जाऊन गार बुडाला लागते आणि थेंब वाटग्यात. वरचं पाणी तापलं की बदलायचं. पाणी किती वेळा बदललं यावर माल कडक की पाणचट ते कळतं. थर्मामीटर नाही, कूलर नाही. देवाला आधी, पितरांना आधी, मग पाहुण्याला. आदिवासी घरांना स्वतःपुरती काढायची कायद्याने मुभा आहे, विकायची नाही. तेव्हा तिथे जाऊन "दौरा" मागू नका, शोभत नाही.

आता तुमच्या कामाचं. मध्य प्रदेश सरकारने मोहाच्या दारूला वारसा मद्याचा दर्जा दिला, २०२२ च्या आसपास धोरण आलं. आदिवासी बचत गटांनी छोट्या, परवानाधारक भट्टीत काढायची आणि बाटली भरायची. अलीराजपूर जिल्ह्यात कट्ठीवाड्याला 'मोंड' निघते, डिंडोरीकडे 'मोहुलो'. पर्यटन निगमच्या हॉटेलांत विक्रीला ठेवतात. भट्टी आतून दाखवतील की नाही हे आधी विचारूनच जा. अबकारी खात्याच्या देखरेखीखालची जागा असते, आपण गेलो आणि गेट उघडलं असं होत नाही.

आणि कट्ठीवाड्याला गेलात तर नूरजहाँ आंब्याची झाडं बघा. एकेक फळ दोन-तीन किलोपर्यंत जातं. हंगाम जूनमध्ये. थोडीच झाडं उरली आहेत.

---

नंदानगरची_मावशी (११ एप्रिल, सकाळी ८.१०)

सगळे खूप कौतुकाने लिहिताय म्हणून लिहिते. मी तीस वर्षं परिचारिका होते. पोटात पाणी झालेली, डोळे पिवळे झालेली माणसं, आणि त्यांच्या पायाशी बसलेल्या बायका. त्या बायकांना "नाकाने वास ओळखणं" वगैरे सांगून बघा. तांब्याचं भांडं असो नाहीतर पत्र्याचा डबा, आत जातं ते एकच. सरकारने २०२३ मध्ये अहाते, म्हणजे दुकानाला लागून बसून प्यायच्या जागा, बंद केले, एप्रिल २०२५ पासून उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर अशा १९ ठिकाणची दुकानं बंद केली, आणि दुसऱ्या हाताने वारसा म्हणून बाटली काढली. मला हे जुळत नाही.

धागाकर्त्यावर राग नाही. बायकोला गाडी चालवायला नेलं, हे बरं केलं.

निमाडकर (११ एप्रिल, सकाळी ११.००)

मावशी, तुमच्याशी वाद घालणार नाही. एवढंच सांगतो की तिथे असताना मी दरवर्षी बघायचो. हंगामात बाया फुलं व्यापाऱ्याला पडेल त्या भावाला देऊन टाकतात, घरात मीठ-तेल नसतं म्हणून. आणि पावसाळ्यात तीच फुलं चढ्या भावाने परत विकत घेतात. नफा ज्याने खाल्ला तो कधी पीतही नसेल. त्या फुलाची बाटली त्या बायांच्या गटाच्या नावावर निघाली तर निदान हिशोब तरी त्यांच्या वहीत येईल. निघतोय का, किती, ते मी आता तिथे नाही, सांगू शकत नाही. पण तुमचं पहिलं वाक्य खरंच आहे.

---

ओकबॅरल (११ एप्रिल, रात्री १०.३०)

माझा विषय व्हिस्की. परत गोव्याला गेलात तर कुंकळीला पॉल जॉनची डिस्टिलरी आहे, तिथे पाहुण्यांसाठी रीतसर दौरा असतो. 'एक भांडं, एक माणूस' या हिशोबात ती बसत नाही, मोठी आहे, पण पिंपांची कोठी बघण्यासारखी. दार उघडल्यावर येणारा वास म्हणजे व्हॅनिला, ओलं लाकूड, गूळ. पिंपातून दरवर्षी थोडी दारू उडून जाते. स्कॉटलंडच्या थंडीत साधारण दोन टक्के, आपल्याकडे आठ-दहा आणि वरही. म्हणून आपला माल लवकर मुरतो आणि लवकर संपतो. तिकडे बारा वर्षं ठेवतात ते इथे ठेवलं तर पिंपात लाकूडच उरेल. बंगळूरच्या अमृत कंपनीने २००४ मध्ये आपली पहिली सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीची जवाची व्हिस्की) काढली, ती पण आधी ग्लासगोत नेऊन विकली. इथे कोण घेणार म्हणून.

बाटलीवर ४२.८ टक्के का लिहितात माहीत आहे का? जुन्या इंग्रजी मापात ते ७५ प्रूफ. आकडा गेला कधीच, सवय राहिली.

जिनबद्दल भर घालतो. २०१७ मध्ये गोव्यातूनच 'ग्रेटर दॅन' नावाची जिन निघाली, तिथून हे छोट्या जिनचं पीक सुरू झालं. त्याच लोकांनी पुढे हिमालयातलं जुनिपर वापरून हपुसा काढली. हपुषा म्हणजे जुनिपरचं आयुर्वेदातलं नाव. वहिनींना सांगा, जे अडलं ते पण आपल्याच काष्ठौषधीच्या दुकानात होतं.

---

लष्करवाली (१२ एप्रिल, दुपारी १२.१५)

ग्वाल्हेरहून हजेरी. बाटल्या विमानाने कशा आणल्या ते कोणी सांगेल का? नवऱ्याचा ऊराक विमानतळावर राहिला होता, पाण्याच्या बाटलीत भरलेला. चार दिवस जेवला नाही नीट.

ओकबॅरल (१२ एप्रिल, दुपारी १२.४०)

ऊराक पाण्याच्या बाटलीत! साहेबांना नमस्कार सांगा. दुकानाची सीलबंद बाटली हवी, चेक-इनच्या बॅगेत, २४ ते ७० टक्क्यांमधली असेल तर माणशी पाच लिटरपर्यंत. पण ते झालं विमान कंपनीचं. उतरता त्या राज्याचा अबकारी नियम वेगळा, तो आधी बघून घ्या. दुकानाचं बिल जवळ ठेवा.

बुधवारिया (१२ एप्रिल, दुपारी ३.००)

आपल्या इंदूरजवळच्या महूचं नाव मोहाच्या झाडांवरूनच पडलं ना? आमचे सर सांगायचे की ते मिलिटरीच्या कुठल्या तरी लांबलचक नावाचं छोटं रूप आहे.

निमाडकर (१२ एप्रिल, दुपारी ४.२०)

ते छोटं रूप नंतर कोणीतरी बसवलेलं. मोहावरून पडलं असं जुने लोक सांगतात, मला तेच पटतं. कागदोपत्री २००३ पासून डॉ. आंबेडकर नगर.

---

सुदामानगरी (२१ एप्रिल, रात्री १०.१०)

धागा वर आणतोय, कारण जाऊन आलो.

निमाडकरांशी व्यनि (व्यक्तिगत निरोप) झाला, त्यांनी रस्ता, मुक्कामाची जागा सगळं सांगितलं. शनिवारी दुपारी निघालो. धारनंतर ऊन असं की स्टिअरिंगला हात लावता येईना. कुक्षीच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ताडाची झाडं, त्यांना बांधलेली मडकी. ही म्हणाली, "इथे सगळी झाडं काही ना काही गाळूनच राहिली आहेत."

रविवारी पहाटे पाचला बाहेर पडलो. हंगाम सरत आलाय, बरीच झाडं फुलं संपवून तांबूस नवी पानं काढून बसली होती. पण एका वळणावर एक झाड अजून चालू होतं. गाडी बंद केली. आणि खरंच, निमाडकर, टप. मग थोडं थांबून टप. मग तीन-चार एकदम. खाली एक आजी आणि दोन नातवंडं टोपली घेऊन. झाडाखाली जुनी साडी पसरली होती. आजी म्हणाली की आधी पाला जाळून जमीन साफ करायचे, मग आग पसरायची, आता कापड नाहीतर जाळी घालतात, फूल पण स्वच्छ राहतं आणि जास्त भाव येतो. हिंदी, भिली, हातवारे, सगळं मिळून एवढं कळलं.

हिने विचारून एक फूल तोंडात टाकलं. डोळे मिटून उभी. मला वाटलं आवडलं नाही. मग म्हणाली, "आधी द्राक्ष, मग खजूर, आणि गिळल्यावर किंचित कस्तुरीसारखं, थोडं उग्र. पोटभर नाही खाता येणार." मी पण खाल्लं. मला गोड लागलं. एवढंच.

मग माझ्या डोक्यात ते गोव्याचं बोंड आलं. तेही तोडायचं नाही, पडलेलंच घ्यायचं. मी हे हिला मोठ्या उत्साहाने सांगितलं. ती म्हणाली, "आजीच्या कमरेला विचार, पडलेलं घेणं किती सोपं आहे ते." आजी तेवढ्यात दहाव्यांदा वाकली होती.

भट्टी बघायचा बेत सोडला. आधीपासून विचारणा केली नव्हती, नुसतं दारात जाऊन उभं राहणं बरं वाटेना. कट्ठीवाड्यापर्यंत गेलो मात्र. घाट सुरेख. नूरजहाँच्या झाडाला कैऱ्या लागलेल्या, एप्रिलमध्येच मुठीएवढ्या.

मोंड मला परतीच्या वाटेवर नाही, इंदूरला एका मित्राकडे मिळाली. त्याने आणून ठेवली होती. गच्चीवर, दोन चमचे, पाण्याशिवाय. आधी तळहातावर चोळली. पहाटेचा तोच वास. पण जिभेवर गोडी नाही, कोरडी, आणि मागून थोडा धूर. साखर सगळी आंबवणात गेली, वास तेवढा उरला, असं काचपात्र सर सांगतील. मित्र म्हणाला, कडक आहे का? पहिल्या धारेची वाटते का? मी म्हटलं, त्याने काचा पुसतात.

मावशी, तुमचा प्रतिसाद हिने दोनदा वाचला. काही बोलली नाही. पण रविवारी आजीकडून फुलं घेताना हिने भाव केला नाही. भाजीवाल्याशी पाच रुपयांसाठी दहा मिनिटं उभी राहणारी बाई आहे ही.

---

नंदानगरची_मावशी (२२ एप्रिल, सकाळी ७.४५)

वाचलं. फुलांचं काय केलंत पुढे?

सुदामानगरी (२२ एप्रिल, सकाळी ८.३०)

वाळवलेली दोन किलो आणली. कोमट पाण्यात भिजवून, चोळून, मधले काळे दोरे काढून टाकले, आणि गुळाऐवजी ते घालून हिने दशम्या केल्या. कणीक, थोडं ज्वारीचं पीठ, दूध, वरून तूप. पोहेजलेबी, तुझं जीरावन विसरशील.

विश्वामित्री (२२ एप्रिल, सकाळी ९.००)

कृती प्रमाणासकट हवी! वेगळा धागा काढा. इथे बडोद्यात हे तरी चालेल ना?

सुदामानगरी (२२ एप्रिल, सकाळी ९.२०)

ही टाकेल तुमच्यासाठी, मोजून घेऊन राहिली आहे. उरलेली फुलं डब्यात भरून वरच्या फळीवर ठेवली आहेत आणि मला हात लावायची बंदी आहे. म्हणते, तू आंबवशील.